डीलरच्या आवारात पुरी होणारी बोट

नवी बोट घेताना डीलरकडच्या माणसांनी दिलेला शब्द फिरवणे ही इतकी नेहमीची गोष्ट झाली आहे की तिचे स्पष्टीकरणही ठरून गेले आहे. विक्रेता गोडबोल्या निघाला, गिऱ्हाईक भोळे होते. पुढच्या वेळी माणूस पारखून घ्यावा. हे स्पष्टीकरण उथळ आहे. शब्द मोडतो तो क्वचितच कोणाच्या लबाडीने. शब्द देणारा एक, काम करणारा दुसरा, आणि दोघांच्या मधल्या जागेची जबाबदारी कोणाकडेच नाही, म्हणून तो मोडतो. मोटारीच्या व्यवहारातही ही जागा असते. बोटीच्या व्यवहारात ती कितीतरी रुंद होते, कारण बोट कारखान्यात पुरी होतच नाही. ती डीलरच्या आवारात पुरी होते. म्हणून ग्राहकाने माणूस पारखण्यात शक्ती खर्च करू नये. समोरचा माणूस कसाही निघाला तरी बोट नीट हाती यावी, अशी व्यवहाराची बांधणी करावी.

पुढचे विवेचन मुख्यतः वीस ते तीस फुटांच्या, आऊटबोर्ड इंजिनावर चालणाऱ्या फायबरच्या बोटीविषयी आहे. अशी बोट मासेमारीसाठी घेतली जाते, मालवण-तारकर्लीसारख्या ठिकाणी पर्यटकांसाठी घेतली जाते आणि थोडे लोक हौसेखातरही घेतात. तिघांची गरज वेगळी असली तरी फसगतीची जागा एकच असते.

१. बोट नेमकी कुठे बनते

मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ती चालू स्थितीत असते. इंजिन, गिअर, वायरिंग, ब्रेक यांचा मेळ उत्पादकाने बसवलेला असतो आणि डीलरने त्यात फारशी भर घालायची नसते. बोटीचे तसे नाही. सांगाडा एका यार्डात ओतलेला असतो. इंजिन दुसऱ्या कंपनीचे, जीपीएस आणि मासे दाखवणारे यंत्र तिसऱ्याचे, वायरलेस चौथ्याचे, बॅटरी आणखी कोणाची. हे सगळे एकत्र आणून जोडण्याचे काम डीलरकडचा मेकॅनिक करतो. म्हणजे उत्पादनाचा शेवटचा आणि अतिशय नाजूक टप्पा अशा ठिकाणी पार पडतो, जिथे कारखान्यातील तपासणीची शिस्त सहसा पोहोचलेली नसते.

या टप्प्यावर काय बिघडू शकते, हे तपशिलात पाहण्याजोगे आहे. आऊटबोर्ड इंजिनाचा दांडा साधारणपणे १५, २० किंवा २५ इंचांच्या मापात येतो. बोटीच्या मागच्या उभ्या फळीची, म्हणजे ट्रान्समची, उंची या मापाशी जुळावी लागते. प्रोपेलरच्या, म्हणजे पंख्याच्या, वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीच्या आसपास यावी लागते. इंजिन फार वर बसले तर वळताना पंख्यात हवा शिरते आणि इंजिन नुसतेच गुरगुरते. फार खाली बसले तर ते पाण्यात ओझ्यासारखे ओढले जाते आणि इंधन खाते. ट्रान्सममध्ये बोल्टसाठी पाडलेली भोके सीलंटने नीट बंद केली नाहीत, तर आतल्या लाकडी गाभ्यात पाणी झिरपते. तो गाभा कुजायला एकदोन वर्षे लागतात, आणि तोवर ज्याने भोक पाडले तो मेकॅनिक दुसरीकडे कामाला लागलेला असतो. बॅटरीपासून निघालेल्या तारेची जाडी कमी पडली, फ्यूज विसरला गेला, पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच उलटा बसला, पाण्याच्या नळीला दोनऐवजी एकच पट्टी आवळली, यांतली कोणतीही चूक शोरूमच्या उजेडात दिसत नाही.

पंख्याचा प्रश्न आणखी बारीक आहे. त्याच्या पिचमध्ये, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकावा त्या अंतरात, एका इंचाचा फरक पडला की पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे मिनिटाला दीडशे-दोनशेंनी कमीजास्त होतात. पिच जास्त असला तर भरलेल्या बोटीवर इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढतच नाही. ते सतत ओझ्याखाली राबते, तापते, लवकर झिजते. पुढे तक्रार झाली की इंजिनवाला पंख्याकडे बोट दाखवतो, पंखा बसवणारा सांगाड्याच्या वजनाकडे आणि सांगाड्याचा कारागीर इंजिनाकडे. तिघांच्या तीन वॉरंट्या असतात आणि जोडणीची वॉरंटी कोणाचीच नसते. बोटीच्या व्यवहारातील निम्मे दुखणे या एका वाक्यात सामावलेले आहे.

२. शब्द देणाऱ्याच्या हातात काय असते

विक्री करणाऱ्या माणसाचे उत्पन्न बहुधा दोन भागांत असते: बेताचा पगार आणि विक्रीवरचे कमिशन किंवा महिन्याचे लक्ष्य. व्यवहार ठरला की त्याचे काम संपते. बोट वेळेवर जोडून देणे वर्कशॉपचे, सुटे भाग मागवणे स्टोअरचे, कर्जाची कागदपत्रे आणखी एकाची. ‘पंधरा दिवसांत देतो’ असे सांगणाऱ्याला वर्कशॉपमध्ये किती बोटी रांगेत आहेत हे पुष्कळदा ठाऊकही नसते. तो खोटे बोलत नसतो. जे त्याच्या हातात नाही ते तो वाटत असतो.

वॉरंटीबाबत ही दरी अधिक धोक्याची ठरते. अनेक इंजिन-उत्पादक हौसेच्या वापरासाठी एक मुदत देतात आणि व्यावसायिक वापरासाठी त्याहून कमी. मासेमारी आणि पर्यटन हे दोन्ही व्यावसायिक वापर. काउंटरवर मात्र जाहिरातीतली मोठी मुदत सांगितली जाते, कारण सांगणाऱ्याने तीच वाचलेली असते. किमतीचेही तसेच आहे. मासेमारीच्या नौकेवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर आनंदविहाराच्या नौकेवरचा दर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. बिलावर बोटीचे वर्णन कोणत्या शब्दांत होते यावर लाखोंचा फरक पडतो, आणि तोंडी सांगितलेली ‘सगळे धरून’ किंमत कोणत्या वर्णनाची होती, हे नंतर कोणालाच आठवत नाही.

त्यात या नोकरीत माणसे टिकत नाहीत. बुकिंग घेणारा, जोडणी करणारा आणि ताबा देणारा हे तिघे तीन वेगळ्या महिन्यांत तिथे नोकरीला असू शकतात. अशा ठिकाणी चांगला माणूस शोधणे म्हणजे वाहत्या पाण्यात खुंटी रोवणे होय. तो खरोखर चांगला असला तरी त्याचा चांगुलपणा त्याच्याबरोबरच निघून जातो.

३. पूर्वीचा व्यवहार शब्दावर का चालत असे

किनाऱ्यावर होडीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर झाला आहे, मग आताच कागद कशाला, असे विचारले जाते. पण तो शब्द कशावर उभा होता, हे पाहिले पाहिजे. लाकडी होडी बांधणारा सुतार खाडीच्या काठावर, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काम करी. लाकूड कोणते आणले, फळी कुठे जोडली, सांध्यात काय भरले, हे नाखवा रोज येऊन पाहत असे. पैसेही कामाबरोबर पुढे सरकत. सुताराचे पुढचे काम त्याच बंदरातून यायचे असल्याने एक होडी गळकी निघाली तर सगळ्या वाडीला कळे. म्हणजे नजर, टप्प्याटप्प्याने दिलेले पैसे आणि पंचक्रोशीतली अब्रू या तीन गोष्टी शब्दाला आधार देत होत्या.

फायबरची बोट आणि परगावचा डीलर आल्यावर हे तिन्ही आधार निघाले आणि शब्द तेवढा उरला. सवय जुनी, आधार नाहीसे: आजच्या ग्राहकाची अडचण नेमकी ही आहे. कागद, हप्ते आणि चाचणी ही काही परकी शिस्त नव्हे. गेलेल्या तीन आधारांच्या जागी उभे केलेले हे तीन नवे आधार आहेत.

४. पैसे कधी आणि कशाबद्दल

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी मांडणी केली. संस्थेचे काम बिघडले की माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. सोडून जाण्याची शक्यता जिवंत असते तोवर आवाजालाही वजन असते. बोटीच्या ग्राहकाकडे ही शक्यता आगाऊ रक्कम भरण्याच्या क्षणापर्यंत असते. ऐंशी-नव्वद टक्के पैसे आधीच दिलेल्या ग्राहकाचा फोन वर्कशॉपमध्ये रांगेच्या शेवटी जातो. त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. ज्याचे पैसे यायचे आहेत त्याचे काम आधी होते.

म्हणून रक्कम प्रसंगांना बांधावी, तारखांना नव्हे. बुकिंगला थोडी, सांगाडा आणि इंजिन आवारात येऊन त्यांचे क्रमांक लेखी कळवल्यावर मोठा भाग, जोडणी पुरी झाल्यावर पुढचा, आणि पाण्यावरची चाचणी पार पडल्यावर उरलेला. शेवटचा हप्ता इतका असावा की डीलरला तो सोडून देणे परवडू नये. कर्ज असेल तर बँकेकडून रक्कम एकदम वर्ग न होता याच टप्प्यांनी व्हावी, असे आधीच बोलून ठेवावे. प्रत्येक पैसा डीलरच्या पेढीच्या खात्यात जावा. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर पाठवलेले पैसे हा पेढीशी झालेला व्यवहार होता, हे सिद्ध करण्याचे ओझे पुढे ग्राहकावर येते.

पावतीवरचा शब्दही वाचून घ्यावा. इसार आणि आगाऊ रक्कम यांत फरक आहे. ग्राहकाने माघार घेतल्यास इसार जप्त होऊ शकतो. आगाऊ रक्कम हा किमतीचा भाग असतो, आणि ती सरसकट जप्त करता येत नाही.

क्रमांकांचा आग्रह केवळ नोंदणीसाठी नसतो. माल विक्री अधिनियम, १९३० नुसार कोणता माल विकला हे निश्चित होईपर्यंत त्याची मालकी ग्राहकाकडे जात नाही. ‘पंचवीस फुटी बोट, एक नग’ एवढेच लिहिलेल्या ग्राहकाची म्हणून आवारात कोणतीच बोट नसते. त्याच्यासाठी आलेली बोट घाईतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली जाते आणि हा पुन्हा थांबतो. सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक कागदावर आला की हा मार्ग बराच अरुंद होतो.

५. कागदात काय असावे

कर्मचाऱ्याच्या शब्दाने मालक बांधला जातो का? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३७ नुसार, अधिकार आहे असे मालकाने आपल्या वागण्यातून इतरांना भासवले असेल तर तो बांधला जातो. पण बुकिंगच्या छापील अर्जात ‘तोंडी आश्वासने बंधनकारक नाहीत’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली ग्राहकाची सही असते. म्हणून तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी पेढीच्या अधिकृत ईमेलवर ते लिहून पाठवावे: आज असे ठरले, चूक असल्यास कळवावे. कर्मचाऱ्याशी व्हॉट्सॲपवर झालेला संवादही पुरावा ठरू शकतो. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन आणि मूळ संदेश जपून ठेवावेत.

ताब्याची तारीख हा कागदातला सर्वांत जड मुद्दा. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्याला नारळ देऊन नवा हंगाम धरला जातो. त्या वेळेस बोट हाती नसेल तर नुकसान दिवसांचे नसते, हंगामाच्या ऐन कमाईचे असते. म्हणून ही मुदत कराराचा मर्मभूत भाग आहे, असे स्पष्ट लिहावे. तसे असेल तर करार अधिनियमाच्या कलम ५५ खाली उशीर झाल्यावर ग्राहकाला करार रद्द करता येतो. याच कलमात एक अट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. उशिरा आलेली वस्तू स्वीकारायची आणि भरपाईही मागायची असेल, तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. मुकाट्याने ताबा घेतला की उशिराच्या भरपाईचा हक्क जातो. सप्टेंबरात मिळालेल्या बोटीच्या आनंदात दोन ओळी लिहायच्या राहून गेल्या, तर ऑगस्ट कायमचा गेला.

बाकीचा कागद लांबलचक असण्याची गरज नाही. इंजिनाचे मॉडेल आणि दांड्याचे माप, पंख्याचा व्यास आणि पिच, बसवायच्या प्रत्येक उपकरणाचे नाव, जोडणीची जबाबदारी डीलरची आणि किती महिन्यांची, वॉरंटी कोणत्या वापराची, अंतिम किमतीत काय धरले आहे, एवढे एका पानात मावते.

६. पाण्यावरची चाचणी

ताब्याच्या दिवशी हार, पेढे, फोटो आणि एक सही असा क्रम असतो. त्या सहीवर ‘माल तपासून सुस्थितीत मिळाला’ असे छापलेले असते. कायद्याने त्या सहीचा अर्थ मोठा आहे. माल विक्री अधिनियमाच्या कलम ४१ नुसार तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय माल स्वीकारला असे धरले जात नाही. उलट, एकदा स्वीकारल्यावर कराराची मूळ अट मोडलेली असली तरी कलम १३ मुळे सामान्यतः माल परत करण्याचा हक्क उरत नाही, फक्त भरपाई मागता येते. तेव्हा सहीच्या आधी बोट पाण्यात गेली पाहिजे. ज्या डीलरला हे मान्य नसेल त्याच्याशी व्यवहार बुकिंगच्या आधीच थांबवणे बरे.

चाचणी प्रत्यक्ष वापराच्या ओझ्यावर व्हावी. एकटा मेकॅनिक आणि चार लिटर पेट्रोल घेऊन धावणारी बोट काहीच सिद्ध करत नाही. टाकी भरलेली, जाळ्यांच्या किंवा उतारूंच्या वजनाइतके ओझे आणि नेहमीइतकी माणसे बोटीवर हवीत. इंजिन थंड असताना, ग्राहकासमोर प्रथम सुरू करावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातली अडचण लपवते. थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार मागून सतत पडते का, हे पाहावे. नव्या इंजिनाला सुमारे पहिले दहा तास बेताने चालवावे लागते, त्यामुळे पूर्ण थ्रॉटल त्या काळात पुस्तिकेत परवानगी असेल तेवढ्याच वेळ द्यावा. पण फेरे उत्पादकाने दिलेल्या पट्ट्यात चढतात का, हे पाहिल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत हा पट्टा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. मग दोन्ही बाजूंना कडक वळणे, मागे घेणे, सगळी उपकरणे एकाच वेळी चालू करणे. परत आल्यावर तळाशी पाणी साचले आहे का ते पाहावे आणि तिथे बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो का, तेही पाहावे.

पावसाळ्यात हे उघड्या समुद्रावर शक्य नसते आणि ताबा नेमका तेव्हाच दिला जातो. अशा वेळी खाडीत चाचणी घ्यावी आणि शेवटच्या हप्त्याचा एक भाग समुद्र उघडेपर्यंत राखून ठेवावा, असे आधीच लिहून घेतलेले असावे.

जाणता तांडेल किंवा डीलरशी संबंध नसलेला मेकॅनिक सोबत असावा. त्याने पाहिलेले दोष ताबापावतीवरच हाताने लिहावेत. ‘किरकोळ आहे, पहिल्या सर्व्हिसला करून देऊ’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास येते; तेही दुरुस्तीच्या तारखेसह पावतीवर लिहून घ्यावे.

७. ताब्यानंतरचे पहिले वीस तास

विक्रीच्या दिवशी इंजिनाची वॉरंटी उत्पादकाकडे नोंदवायची असते आणि ते काम डीलरकडचा कर्मचारी करतो. ते राहून गेले तर त्याचा पत्ता इंजिन बिघडल्यावरच लागतो. ग्राहकाने नोंदणीची खातरजमा उत्पादकाकडून थेट करून घ्यावी. आऊटबोर्डचा हिशेब किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत होतो, आणि पहिली सर्व्हिस बहुधा वीस तासांच्या आसपास असते. रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीचे वीस तास आठवडाभरात भरतात. डीलरचा मेकॅनिक तेवढ्यात बंदरापर्यंत येईल का, हे बुकिंगच्याच वेळी विचारायला हवे. बिघाड झाल्यास दुसऱ्याकडून इंजिन उघडू नये, कारण पुढे तपासणीची वेळ आली तर मूळ दोष कोणता हे सांगता येत नाही.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की परिसरात एकच डीलर असताना इतक्या अटी घालणारा ग्राहक त्यालाच नकोसा होईल. यात तथ्य आहे. मात्र अटींचे स्वरूप पाहावे. त्यांतली एकही डीलरचा नफा कमी करत नाही, फक्त पैसे येण्याचा क्रम बदलते. शिवाय एकटा ग्राहक दुबळा असतो. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत तीनचार बोटींची मागणी एकत्र गेली तर त्याच अटी मान्य होण्याची शक्यता बरीच वाढते. सरकारी अनुदानावर बोट घेणाऱ्याने तर हे अधिक लक्षात ठेवावे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते. पण ‘लाभार्थी’ या शब्दामुळे बोट घेणारा स्वतःला तसाच समजू लागतो आणि डीलरसमोर ग्राहक म्हणून उभा राहायचे विसरतो. उरलेले पैसे त्याचे असतात आणि कर्जही त्याच्याच नावावर असते.

दुसरा आक्षेप डीलरच्या बाजूचा. कंपनीकडूनच इंजिन उशिरा येते, त्याला तो काय करणार? हे खरे आहे आणि त्याबद्दल त्याला दोष देऊ नये. दोष उशीर दडवण्यात आहे. इंजिन आलेले नाही हे ज्या दिवशी पेढीला कळले त्या दिवशी ग्राहकाला कळले असते, तर त्याने हंगामासाठी जुनीच होडी डागडुजी करून ठेवली असती. म्हणून दर आठवड्याला लेखी स्थिती कळवण्याची अट तारखेइतकीच मोलाची आहे.

तिसरा आक्षेप असा की एवढे लिहून घेतल्यावर माणुसकी उरत नाही. उलट, सगळे काही समोरच्याच्या स्वभावावर सोडलेले असते तेव्हाच चिडचिड, आवाज चढणे आणि कमी पगारावरच्या पोऱ्यावर राग काढणे सुरू होते. काय ठरले हे कागदावर असेल तर तक्रार माणसाची न होता कामाची होते, आणि ती मालकापर्यंत नेता येते.

९. तक्रार कोणावर आणि कुठे

डीलर ऐकत नाही तर कंपनीला धरू, हा भरवसा पुरेसा नाही. २०११ चे मॉडेल म्हणून पैसे घेतले आणि २००९ मध्ये बनलेली, आधी चालवलेली गाडी दिली, अशी गोव्यातील एका मोटारग्राहकाची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की उत्पादक आणि डीलर यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर डीलरच्या गैरवर्तनाची उत्पादकाला माहिती होती असे दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. बोटीत, जिथे जोडणीच डीलरची आहे, हा निर्णय अधिक बोचतो. तक्रारीत कोणता दोष कारखान्याचा आणि कोणता जोडणीचा, हे वेगळे मांडावे लागते आणि दोघांनाही पक्षकार करावे लागते.

बोट धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होते, हा समज सरसकट खरा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल त्यात मोडत नाही. स्वतः बोटीवर जाणारा मच्छीमार किंवा स्वतः बोट चालवून पर्यटकांना नेणारा या सवलतीचा आधार घेऊ शकतो. पाच-सहा बोटी भाड्याने फिरवणाऱ्याला तो मिळणे कठीण. तक्रार ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, मग डीलर मुंबईचा असो वा पणजीचा. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे लागते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते, पण तिथल्या नोंदीने मुदत थांबत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज आयोगात दाखल झालेला असावा लागतो.